पाण्याला मनाई असलेली खोली

मी सौ. श्रीदेवी गुरुशांत बिराजदार, वय ५४ वर्षे, व्यवसाय नोकरी, रा. जुळे सोलापूर, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या सूतगिरणीत कॉम्प्युटर विभागात नोकरीस आहे. आमची मशीनरूम जुन्या पद्धतीची आहे. मूळ जमिनीच्या फूट-दीड फूट वर, लोखंडी पायांवर चौकोनी फळ्यांची दुसरी जमीन केलेली असून सगळ्या वायरी मधल्या पोकळीतून जातात. वायर टाकायची तर फळी उचलावी लागते. उचललेल्या जागी खुर्ची आडवी ठेवायची आणि फळी परत बसल्याशिवाय तिथून हलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी शिस्त आहे.

सोमवारी कामगारांनी नवीन वायरीसाठी दोन फळ्या काढल्या होत्या. तेवढ्यात पुण्याचे पाहुणे आले. खोली नीटनेटकी दिसावी म्हणून व्यवस्थापक श्री. अभिमन्यू चवरे यांनी खुर्ची काढायला लावून खड्ड्यावर सतरंजी अंथरली. मी हरकत घेतली. "मॅडम, तुम्ही जरा चहाचं बघा," असं म्हणून त्यांनी मला कँटीनला पिटाळलं. माझी नोकरी तीस वर्षांची आहे. मला याचा राग आला आणि तो अजून आहे, हेही लिहून घ्यावं.

पाहुण्यांनी दारातूनच खोली पाहिली. ते गेले, चवरेसाहेबही त्यांच्यामागे गेले, सतरंजी तशीच राहिली. सफाई कामगार सुंदरम्मा केर काढायला आत आल्या आणि त्यांचा पाय सतरंजीसकट खाली गेला. ओरडणं ऐकून मी धावले. त्यांचं नडगीचं हाड मोडलं आहे.

संध्याकाळी चवरेसाहेबांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. 'स्वतः पुसलेल्या ओल्या फरशीवर पाय घसरून पडली' असं त्यात होतं. आपल्यावर शेकू नये म्हणून वर तोंड करून माझी सही मागत होते. मी सही केली नाही. मी दवाखान्यात गेले तेव्हा सुंदरम्मा म्हणाल्या, "मॅडम, मी पानी कुटं घेतलं हुतं? हातात केरसुणीच हुती की. आता माजीच चूक म्हनून कामावरनं काढत्यात व्हय?"

खाली वायरी असल्यामुळे त्या खोलीत ओलं फडकंसुद्धा कधी नेत नाहीत. दारावर 'आत पाणी नेण्यास सक्त मनाई' अशी पाटी आहे आणि तिच्यावर चवरेसाहेबांचीच सही आहे. आज सकाळपर्यंत पाटी जागेवर होती. पोलीस साहेबांनी कृपया लवकर जाऊन ती पाहावी.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात कंपनीने ठाण्याला दिलेल्या पत्रावरून 'पाय घसरून' असं आधीच टाइप केलेलं होतं. ते मी खोडायला लावलं. आता तो बरोबर आहे.