दामूचं न उघडलेलं पाकीट

हा दामू समोरच बसलाय, खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा! तेव्हा आम्ही दोघं अंबरनाथला कारखान्यात कारकून. दामू बदलापूरच्या घरून मासिकांना कथा धाडायचा. सोबत रिवाजाप्रमाणे स्वतःच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट. संपादक त्यातूनच कथा साभार परत करायचे. आपलं अक्षर दिसलं की हा पाकीट उघडायचासुद्धा नाही. तसंच मोठ्या पाकिटात घालून, सोबत नवं तिकीट लावलेलं पाकीट जोडून पुढच्या मासिकाला पाठवायचा.

एकदा युनिव्हर्सिटीच्या मासिकाच्या स्पर्धेला कथा गेली. महिन्याभराने पाकीट आलं, ते याने तसंच पुण्याला रवाना केलं. तिथूनही परत आलं, तेव्हा मी त्याच्याकडे चहाला होतो.

"अरे, एकदा उघडून तरी बघ!" म्हणत मीच फोडलं.

आत युनिव्हर्सिटीचं पत्र! तिकीट वाया जाऊ नये म्हणून त्यांनी याच्याच पाकिटातून कळवलं होतं: पहिलं बक्षीस तुम्हाला, समारंभाला या. समारंभ होऊन गेलेला. सोबत पुण्याच्या संपादकांची चिठ्ठी: "अभिनंदन. परंतु आम्ही फक्त कथा छापतो."

वहिनींनी कपाळाला हात लावला. दामूने चिठ्ठी दोनदा वाचली आणि पडेल आवाजात म्हणाला,

"म्हणजे पुण्याचा नकारच ना?"