लॅम्पनं मान टाकली

माझ्या साडूला आजही वाटतं की मी चित्रकार आहे. अरे, खरंच! तो सगळा घोळ आमच्या लॅम्पनं घातला.

चित्र काढलं होतं माझ्या बायकोनं, सुनंदानं. महिनाभर खपून तिनं पवनारची धाम नदी रंगवली. चित्र हॉलमध्ये लावलं आणि त्यावर उजेड पाडायला आम्ही मान वळणारा लॅम्प घ्यायला गेलो. दुकानात ती म्हणाली, "मान थोडी टाइट असलेला घ्या." मी म्हटलं, "अवं, मऊ फिरते तोच चांगला." आणि तोच घेतला.

रविवारी संध्याकाळी सावंगीहून साडू आले. सुनंदानं मला बजावलं, "मी चहा घेऊन आली का मंगच लाइट लावजा."

ती ट्रे घेऊन आली, मी बटण दाबलं आणि लॅम्पनं हळूच मान टाकली. सगळा उजेड पडला चित्राच्या खाली, भिंतीवरच्या ओलीच्या डागावर. वरच्या बाथरूमचा पाइप गळून तिथं हिरवे-काळे पोपडे आले होते.

साडू उठून अगदी जवळ गेले. "काय काम आहे बाप्पा! कोणी काढलं हे?"

सुनंदानं आधी आपल्या अंधारातल्या नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्यायनंच काढलं," ती म्हणाली. "तीन वर्षांपासून काढून राह्यले, पण पूर्ण काई होत नाई."

साडू कळवळून म्हणाले, "भाऊ, हात नोका लावू आता. असंच राहू द्या!"

प्लंबर न बोलावल्याबद्दल माझी बाजू घेणारा आमच्या घरात तो पहिलाच माणूस.