मयतीहून थेट घरी जायचं नाही

...आणि वर मलाच म्हणतो, "पुरिंग, तू माझ्या पाठीत सुरा खुपसलास." मी! पाठीत! अहो, भर दुपारी, निवडणूक कचेरीच्या दारात, बँड वाजत असताना, सगळ्या बालिंगान शहराच्या देखत त्याच्या समोर उभी राहिले मी, ह्याला पाठ म्हणतात होय? चोर तो चोर, वर शिरजोर. आणि हा कुणी परका नाही बरं का, माझा लग्नाचा नवरा आहे, दुलो. आत्ताच माझ्या ताटातला तळलेला मासा उचलून खाऊन गेला.

सांगते, पहिल्यापासून सांगते. आमच्याकडे कायदा असा, की महापौराने लागोपाठ तीनदा निवडून यावं आणि चौथ्या खेपेला घरी बसावं. आता घरी बसायचं म्हणजे खुर्ची सोडायची का? छे! खुर्चीवर घरातलंच माणूस बसवायचं, एक खेप काढायची, की पुन्हा आपण हजर. आमच्या दुलोच्या तीन खेपा संपल्या. भाऊ नाही. मुलगी परदेशात नर्स, ती म्हणाली, "बाबा, मी इथे माणसं वाचवते, मला तिकडे बोलवू नका." सासूबाई म्हणाल्या, "मी बसते." डोन्या इंगे म्हणतात त्यांना, ऐंशीच्या पुढे वय. त्या एकदा बसल्या की उठत नाहीत हे दुलोला जन्मापासून ठाऊक, तो नुसता घामाघूम. मग उरलं कोण? मी शिंपल्यांचं कालवण ढवळत होते, तर हा स्वयंपाकघराच्या दाराशी आला, आणि काय तो आवाज, मधात बुडवलेला... "पुरिंग, तुला काही म्हणजे काही करायचं नाही. फक्त खुर्ची गरम ठेवायची."

खुर्ची गरम ठेवायची! कोंबडी आहे मी? परसात ह्याचे झुंजीचे कोंबडे आहेत, तुम्हाला सांगते, एकेकाला नाव, एकेकाला मालिश, पावसाची सर आली तर डोक्यावर छत्री. कोंबडीला नाव नाही. कोंबडीने नुसतं उबवायचं. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं? कालवण करपत होतं म्हणून.

निवडून आले तर हा ज्याला त्याला सांगत सुटला, "माझ्या नावावर आली." माझ्या नावावर! अरे, तुझं नाव शहरभर फिरवलं कुणी? आमच्याकडे मयत झालं की आठवडाभर शवपेटी घरात ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी, बिस्किटं, अंगणात पत्त्यांचा डाव. महापौर आला नाही तर घरचे सात पिढ्या विसरत नाहीत. आणि दुलो कुठे? झुंजीला. मग कोण गेलं त्याच्या नावाने? कुणाच्या म्हातारीच्या पेटीजवळ बसून कोण रडलं? ओळख ना पाळख, तरी रडलं! लष्कराच्या भाकऱ्या सगळ्या मी भाजल्या.

आणि मयतीहून थेट घरी जायचं नाही, हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वाटेत कुठेतरी टेकायचं, चार घोट काहीतरी प्यायचं, म्हणजे मेलेल्या माणसाचा जीव मागोमाग आला असेल तर तिथेच रेंगाळतो, तुमच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. पागपाग म्हणतात त्याला. दुलो चुकून कधी मयतीला आलाच, तर म्हणायचा, "मला नाही वेळ. माझ्या मागे यायची कुणाची हिंमत आहे?" गाडीत बसायचा, सुटायचा. मी थांबायचे. बाजाराच्या कोपऱ्यावर अते चेलिंगचा, म्हणजे चेलिंगताईचा, कॉफीचा गाळा आहे, तिथे. रोज कुणीतरी मरतंच, म्हणून रोज थांबायचे. आणि माणूस कॉफी घेऊन बसला की बोलतोच ना? कोणत्या गल्लीत नळाला पाणी नाही, कुणाच्या सुनेला दवाखान्यातून परत पाठवलं, मासेवाल्यांच्या गटारावरची फरशी कधीची फुटलीय... भुताला चुकवायला बसायचे आणि अख्खं शहर माझ्यापाशी येऊन बसायचं. हे राजकारण आहे हे मला कुणी सांगितलंच नाही हो.

बरं, खुर्चीवर बसले, महापौरबाई झाले, लोक मेयोरा म्हणायला लागले. गटारावर फरशी घातली, नळाला पाणी आणलं. दुलो रोज जेवताना विचारायचा, "खुर्ची गरम आहे ना?" आहे बाबा, आहे. मग एक दिवस कागद पुढे सरकवला, म्हणाला, कर सही. काय होतं? बाजार पाडायचा! अते चेलिंगचा गाळा, मासेवाल्या, भाजीवाल्या, सगळ्यांना उठवायचं आणि तिथे झुंजींचं मैदान बांधायचं, वातानुकूलित! माणसं डोक्यावर फडकं घेऊन मासे विकतात आणि कोंबड्यांना थंड हवा! मी म्हटलं, नाही करत. तो हसला. म्हणाला, ठीक आहे, पुढच्या खेपेला मी आहेच, मीच करीन.

त्या संध्याकाळी एका मयतीहून येताना मी अते चेलिंगला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. तिने माझी कॉफी ढवळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मेयोरा, मी तुला मत दिलं होतं. तुझ्या नवऱ्याला नाही. त्याने माझ्याकडे आजवर एक कप कॉफी घेतलेली नाही." इतकी वर्षं मला वाटायचं, मी दुसऱ्याची खुर्ची उबवतेय.

अर्ज भरायचा दिवस. आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग मिरवणूक, सगळ्यांचे पिवळे सदरे, पुढे बँड, मागे डोन्या इंगे हातगाडीवर खुर्ची टाकून. निवडणूक कचेरीच्या दारात दुलोने माझ्या खांद्यावर हात ठेवला, फोटोवाल्यांकडे बघून हसला, आणि मला उपमहापौराच्या रांगेकडे हळूच ढकललं. मी जागची हलले नाही. छाती अशी धडधडत होती, की बँडचा ढोल कुठला आणि माझा कुठला कळेना.

मी म्हटलं, "दुलो, ती रांग तू घे. ही माझी."

बँड बंद पडला. खरंच पडला, ढोलवाल्याच्या हातातली काठी गळाली. दुलो कुजबुजला, "अगं, खुर्ची गरम ठेवायला बसवलं होतं तुला." मी म्हटलं, ठेवली ना गरम, आता माझ्याच अंगाची सवय झालीय तिला.

मग काय, एका घरात दोन उमेदवार! फाटकाच्या डाव्या खांबावर त्याचा फलक, उजव्यावर माझा. तो ट्रकवर चढून नाचायचा, पंचावन्न वर्षांचा माणूस, मागे सहा पोरी, रात्री घरी येऊन मला म्हणायचा, "पुरिंग, कमरेला बाम लाव." लावायचे! विरोधक असला तरी कंबर घरची आहे. डोन्या इंगे दोघांच्याही सभेला पहिल्या रांगेत, दोघांनाही टाळ्या. विचारलं तर म्हणायच्या, "कुणीही जिंको, गाडी आपल्याच दारात येणार." मी सभा घेतल्याच नाहीत. मयतींना गेले आणि वाटेत थांबले, नेहमीसारखी.

आणि आले निवडून! बाजार तिथेच आहे. अते चेलिंगच्या गाळ्यावर नवं छप्पर घातलंय, जाऊन बघा.

दुलो चार दिवस कोंबड्यांशी बोलत बसला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आला, म्हणाला, आता मी काय करू? दया आली हो. मी म्हटलं, माझ्या नावाने मयतीला जात जा, मला कचेरीतून वेळ होत नाही. गेला बिचारा. आणि थेट घरी यायचं नाही म्हणून ताकीद दिली मीच. माझी अक्कल बघा! आता हा रोज अते चेलिंगकडे थांबतो. कॉफी घेतो. दोन दोन कप! कुणाच्या सुनेला मुलगा झाला ते मला येऊन हा सांगतो. परवा मासेवाल्या मला म्हणतात कशा, "मेयोरा, तुमचे मालक किती सुधारले, सगळ्यांची विचारपूस करतात हो!"

आणि आज जेवताना, तो मासा माझ्या ताटातून उचलता उचलता म्हणतो, "पुरिंग, तुझ्याही कधीतरी तीन खेपा संपतीलच ना. तू काळजी करू नकोस. मी ठेवीन खुर्ची गरम."

मी उठले, हात धुतले आणि ड्रायव्हरला निरोप पाठवला... उद्यापासून साहेबांना मयतीहून थेट घरी आणायचं. वाटेत कुठ्ठे म्हणजे कुठ्ठे थांबायचं नाही. मागोमाग कुणी आलं तर येऊ दे. भुतांचं काय हो, घालीन दोन पानं जास्त. ती निवडणुकीला तर उभी राहत नाहीत.