आईला धाडायचा फोटो

खुलताबादच्या बसची वाट बघत माझ्या शेजारी एक आजी, तिचा मुलगा अन् लहानगी नात बसली होती. मुलगा आजीला मोबाईल दाखवत होता.

“माय, हा धाडू का ताईला? नाशकात ट्रेनिंगला एकटी हाय, लेकीचा फोटो मागती सारखी.”

“अतुल्या, पोरीच्या डोक्यातून खांब उगवलाय की रं.”

“सोनू, इकडं सरक. हस बरं. आता बघ, माय.”

“तू उभा, ती खाली. नुसता भांग दिसतोय. तिच्यापुढं बस.”

“बसलो. सोनू, हस की!”

“मामा, मी नाय हसणार.”

“काल दात पडलाय तिचा, म्हणून तोंड मिटून बसती. तिला हस म्हणूच नको.”

“बरं. सोनू, नवा दात कुठून येणार, ते दाव मला.”

“हे बघ, इथूऽऽन!”

“माय, आता?”

“व्हय, आता दिसली माझी नात! धाड.”

“धाडला... ताईचाच फोन आला बघ. सोनू, आई हसती का रडती, कळंना. दात पडला अन् मला कुणी सांगितलंच नाय, म्हणती.”

“दे इकडं. आई, रडू नको. बाजूचा पण हलतोय. तू येईपर्यंत मी त्याला जिभेनं धरून ठेवते.”