आधी फोटो, मग लाथ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे आमची बैठी चाळ होती, तिथली सुईण बाहेर येऊन ओरडली, पायाळू झाला गं बाई, पायाळू, आणि आबा, म्हणजे माझे वडील, दारातच म्हणाले, मुलगा झाला म्हणा, बाकीचं राहू द्या. आबा कारखान्यात फिटर, धम्मदीक्षा घेतलेले, असल्या समजुती त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या. पण काय सांगू तुम्हाला, चाळीत कुणाच्या कंबरेत उसण भरली की त्याला पायाळूची लाथ लागायची. आबा सायकलवर बसून वळणाआड गेले की आई मला बगलेत धरून ओट्यावर पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर उभं करायची. मला चालता येण्याआधी माझी प्रॅक्टिस सुरू झाली. आबा घरी आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो नाही. तेव्हापासून ती सवयच लागली, काही केलं नसलं तरी केल्यासारखं वाटतं.

पुढे मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर लागलो. दिवसभर उजवा पाय पेडलवर. म्हणजे पोटही त्याच पायावर आणि नावही त्याच पायावर. सेठ सिंधी, दारातून तिरके शिरणारे, त्यांची कंबर सारखी धरायची. मग गल्ल्यावरून हाक, साईं, जरा लात मारो ना. ते कापडाच्या ताग्यांवर पालथे पडायचे, मी चप्पल काढायचो, नमस्कार करायचो, माफ करा सेठ म्हणायचो आणि मारायचो. आख्ख्या कॅम्प तीनमध्ये मालकाला लाथ मारून त्याच्याच हातून पगार घेणारा मी एकटाच असेन.

बदलापूरला हेंद्रेपाड्यात खोली घेतली तर तिथंही लोक यायला लागले. कंबरेचं ठीक होतं हो, पण पाय मुरगळलेलेही यायचे, घोटा टम्म फुगलेला. बायको म्हणायची, अहो, त्यांना डॉक्टरकडे पाठवा. मला तिचं पटायचं, आणि मी पाय लावायचो. दोन्ही व्हायचं.

मग एका सकाळी शेअर रिक्षात मी चौथा, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर. उतरताना उजवा पाय गटाराच्या तुटक्या लादीवर पडला आणि आत वळला, कट् असा आवाज आला. ड्रायव्हर म्हणाला, काका, कुछ टूटा क्या? मी म्हटलं, चप्पल. चप्पल शाबूत होती. आता तुम्हीच सांगा, पायाळूचाच पाय मुरगळला हे सांगायचं कुणाला? संध्याकाळपर्यंत घोट्याचं वांगं झालं, रंगानेसुद्धा. बायको म्हणाली, चला, दवाखान्यात पायाचा फोटो काढू. मी म्हटलं, गप, कुणी ऐकेल. ती म्हणाली, मग दुसरा पायाळू शोधू का? दार लावून मी गरम तेलाने रगडला, नुसता रगडला, वर विटेचा शेक. नेमकं करू नये तेच. कामावर बूट घालून जायचो आणि पेडल डाव्या पायाने दाबायचो. डाव्याला अंदाज नाही, दाबला की मशीन सुसाट, एका पँटचे दोन्ही पाय मी एकमेकांना शिवून टाकले. सेठ ती पँट वर धरून म्हणाले, साईं, ये कौन पहनेगा, जलपरी?

असं मी ढकलत राहिलो, आणि सेठची कंबर धरली. डावा पाय उचलावा तर उजव्यावर उभं राहता येईना, म्हणून उजवाच उचलला. लाथ लागली आणि मीच असा बोंबललो की सेठ दचकून ताडकन उठून उभे, सरळ! कंबर सुटली. सगळा कारखाना टाळ्या वाजवतोय आणि मी खाली लोळतोय. सेठनी माझा बूट काढला, मोजा काढला, आणि त्यांचा चेहरा उतरला. पागल है क्या, ये पाँव लेके मुझे ठीक करता था? त्यांनीच मला रिक्षात घातलं.

डॉक्टरबाई फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, काका, घोट्याचं हाड तडकलं होतं, आता वाकडं जुळायला लागलंय. लगेच आला असतात तर बहुतेक प्लास्टरवर भागलं असतं, आता ऑपरेशन. मी म्हटलं, मुरगळलंय की मोडलंय, माणसाला कळणार कसं? त्या म्हणाल्या, नाही कळत, म्हणून तर फोटो. पाय टेकवत नसेल, हाडावर दाबल्यावर जीव जात असेल, तर त्याच दिवशी यायचं. तोवर कपड्यात गुंडाळून बर्फ, पाय उशीवर, आणि चोळायचं नाही. मला माझा पाय राहिला बाजूला, ते सगळे टम्म घोटे आठवायला लागले, ज्यांच्यावर मी पाय लावला होता.

आत प्लेट बसली. मशीनवर परत बसतो, थंडीत पाय ठणकतो. लोक अजून येतात. मी सांगतो, यात काही नाही हो, डॉक्टरकडे जा. ते म्हणतात, आता तर पाय लोखंडाचा झाला, जास्त गुण येईल. मग मी नियम केला, आधी फोटो, मग लाथ. लोक फोटोचं पाकीट घेऊन दारात बसतात. मी उजेडाला धरून बघतो, बायको आतून म्हणते, उलटा धरलाय. पण फोटोला गेलेला माणूस उपचार घेऊनच येतो, मग माझी लाथ लागते प्लास्टरवर. हळूच.

आई गेल्यापासून आबा आमच्याकडेच असतात. परवा त्यांचा पाय मुरगळला, आमच्याच जिन्यात. कुणाला न सांगता रिक्षाने गेले, फोटो काढून, पट्टी बांधून आले, पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, हाड शाबूत आहे, वाच. दुपारी बायको दळण आणायला गेली तसा त्यांनी पेपर तोंडासमोर धरला आणि पाय माझ्याकडे सरकवला. म्हणाले, मला हे जन्मभर पटलं नाही, आजही पटत नाही. पण तुझी आई असती तर तिने ऐकलं नसतं. मी म्हटलं, आबा, तुम्हाला माहीत होतं? पेपरामागून म्हणाले, वळणावर सायकल थांबवून मागे बघायचो रोज. तुला पाडते की काय, एवढंच बघायला.

मी पाय लावला, प्लेटवालाच, अगदी अलगद. आबांनी पेपरचं पान उलटलं.

असो. चहा घ्या, आणि निघताना तो जिना जरा बघून उतरा, तिसरी पायरी हलते.