मोटर जळलीय, काका

फसवलंय कुणीतरी. कुणी ते मला माहीत नाही, पण आवडीचं काम धरा, पैसा आपोआप मागे येतो, हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं ना, त्याच्या घरी पैसा आधीच आलेला असणार. सोफाही आलेला असणार, आणि त्यावर रेलून तो हे बोललेला असणार. नाही, नाही, तुम्हाला नाही म्हणत, काका. तुम्ही बसा. अहो बसा, उठताय कुठे — मी 'मोटर जळलीय' एवढंच म्हटलं आणि तुम्ही लगेच पिशवीची घडी घालायला लागलात. हा तुमचा मिक्सर इथे टेबलावर आहे, मी त्याचा एक स्क्रूही काढलेला नाही. नुसता उचलला, वास घेतला, मान हलवली — ती मान हलवायची मी आरशासमोर प्रॅक्टिस केलीय, ते जाऊ दे — आणि तुम्हाला पटलंसुद्धा? असं कसं पटलं? दुरुस्तीच्या दुकानात आलायत तुम्ही. 'उघडून दाखव' म्हणा, 'दुसरीकडे दाखवतो' म्हणा. माणसाने थोडा तरी संशय घ्यावा की नाही?

मालक? मालक मीच, बाई असले म्हणून काय झालं. विचारा, विचारा, सगळेच विचारतात — मालक जेवायला गेलेत का, मालक कधी येतात. बाहेर पाटीवर 'फेकू नका, दुरुस्त करा' लिहिलंय ना, ते अक्षरही माझंच. इंजिनियर आहे मी. आधी नोकरी होती, काचेच्या इमारतीत. काम काय, तर मिक्सरच्या झाकणाला लागते ना ती प्लास्टिकची खिटी, ती डिझाइन करायची — गॅरंटी संपेपर्यंत टिकली पाहिजे आणि त्यानंतर फार रेंगाळता कामा नये, असं आमचे साहेब म्हणायचे. रेंगाळता कामा नये. पाहुण्यांबद्दल बोलावं तसं. मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी भाषण केलं — वस्तूंवर प्रेम करा, मोडलेलं जोडा, असलं काहीतरी — सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला, दोघी तर रडल्या. एकीनेही आजपर्यंत इकडे साधी इस्त्री पाठवलेली नाही.

इस्त्रीवरून आठवलं. ह्या गल्लीच्या तोंडाशी कपडे इस्त्री करणारा बसतो, बघितलाय? माझं पहिलं गिऱ्हाईक. त्याच्या इस्त्रीची वायर पिनेपाशी तुटली होती. आता मला काय वाटलं, की माणसाला मासा देऊ नये, गळ टाकायला शिकवावं — तत्त्व आहे ते माझं, होतं — म्हणून त्याला शेजारी बसवलं आणि दाखवलं, एवढा भाग कापायचा, तारा सोलायच्या, पुन्हा जोडायच्या. पैसे घेतले नाहीत. कशाचे घेणार? पार्ट लागला तर पार्टचे घेते, नुसती वायर जोडल्याचे घ्यायला जीभच रेटत नाही माझी. फार गोड माणूस, हात जोडून गेला. आता तो आख्ख्या गल्लीच्या इस्त्र्या दुरुस्त करतो. पैसे घेऊन. परवा आईने आमच्या घरची इस्त्री त्याच्याकडे टाकली. त्याने तिच्याकडूनही घेतले.

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचं ऐका. बालवाडीच्या बाई पंखा घेऊन आल्या होत्या, हळू फिरतो म्हणून. मी कपॅसिटर बदलला, बेअरिंगही साफ केली, असा केला की त्यांची नातवंडं त्याखाली झोपतील. त्या परत आल्याच नाहीत. कशाला येतील? रस्त्यात भेटतात, हसतात, म्हणतात, 'अजून मस्त फिरतोय हं.' मी पण हसते. मनात म्हणते, एकदा बंद पडायला काय होतंय मेल्याला. म्हणजे बघा काका, त्या काचेच्या इमारतीतला माझा साहेब जे उघड बोलायचा ते मी आता मनात बोलते. मी चांगलं काम केलं की माझंच गिऱ्हाईक कमी होतं. असा कुठला धंदा असतो? दात काढणाऱ्या डॉक्टरलासुद्धा एका तोंडात बत्तीस संधी असतात.

समाधान? आहे ना, समाधान भरपूर आहे. संध्याकाळी घरी जाते तेव्हा बोटांना सोल्डरचा वास असतो आणि डोकं हलकं असतं. वहिनी म्हणते, 'तुझं बरं आहे गं, आवडीचं काम आहे,' आणि ताट वाढते. टोमणा नसतो तो. टोमणा असता तर भांडता आलं असतं. वाढते ती दादाच्या पगारातून, एवढंच. दादा रात्रपाळी करतो, फोनवर परक्या माणसांच्या शिव्या ऐकायची नोकरी आहे त्याची — 'मी आपली काय मदत करू शकतो' म्हणायचं आणि आई-बहिणीवरून ऐकून घ्यायचं. त्याला काम आवडत नाही म्हणून मला माझं आवडतं. पटलं ना? घरातल्या एकाने नकोशी नोकरी केली की दुसऱ्याला समाधान परवडतं. आणि आता डॉक्टर म्हणतात, रात्रपाळी सोडा, नाहीतर हे ब्लडप्रेशर काही ऐकायचं नाही. दिवसपाळीला पगार कमी. मधला फरक कोण भरणार? आईने माझ्याकडे बघितलं नाही. वहिनीनेही नाही. दादा तर म्हणाला, 'तिला काही सांगू नका, तिचं दुकान आत्ता कुठे जम बसवतंय.' जम. मीच सांगितलं होतं त्याला तसं. दर महिन्याला सांगते.

म्हणून त्या समोरच्या शोरूमच्या सरांना मी हो म्हटलंय. जवळजवळ हो. तीच ती, रस्त्यापलीकडची, मोठी काच असलेली. ते आपण होऊन आले होते, तुम्ही बसलायत त्याच स्टुलावर बसले, रुमाल टाकून. म्हणाले, तुमच्या हाताची आम्हाला गरज नाही, आमच्याकडे दुरुस्ती होतच नाही. तुमचा चेहरा हवाय. आमच्या माणसाने 'हे आता दुरुस्त होणार नाही' म्हटलं की लोक भांडतात, तुम्ही म्हटलंत तर ऐकतील. पदाचं नाव ग्राहक समाधान अधिकारी. चाकांची खुर्ची, एसी, दादाचा सगळा फरक भरून निघेल असा पगार. फक्त नमुना म्हणून ह्या आठवड्यात एक गिऱ्हाईक पाठवून दाखवा — जुनी वस्तू, 'मोटर जळली', नवीन समोर मिळेल. एकच. मी काळी पँट घेऊन ठेवलीय, काका. इस्त्री करून. त्याच माणसाकडून.

आणि आठवडा संपला आज. एकही पाठवता आलं नाही. एक आजोबा रेडिओ घेऊन आले, मी तोंड उघडलं, 'आजोबा, आता ह्याचं —' आणि बघते तर सेल उलटे घातलेले. आता उलट्या सेलला मोटर जळली कसं म्हणणार, रेडिओला मोटर नसते. मग एक बाई आल्या, पाणी गरम करायची किटली, आत नुसता क्षार साठलेला. सांगून टाकलं, लिंबू पिळा. त्या म्हणाल्या, किती झाले? मी म्हटलं, लिंबाचे? आणि मग तुम्ही आलात. तुमच्याकडे बघून वाटलं, हेच. ह्यांना जमेल सांगायला. आणि जमलं की हो मला, पहिल्या फटक्यात — आयुष्यातली पहिली धंद्यातली थाप, आणि तुम्ही काय म्हणालात? 'बरं' म्हणालात. नुसतं बरं. वर विचारलंत, समोर कुठल्या रंगात मिळतात. इतकी स्वस्त असते का हो माझी थाप? मी चार रात्री झोपले नाही तिच्यापायी.

नाही, थांबा. हे बघा. इकडे बघा, मी उलटा करते. हे खाली लाल बटण दिसतंय? काकूंनी भांडं गच्च भरलं असेल, मोटरवर जोर आला, म्हणून हे बाहेर आलं. हे आत दाबायचं. आता पिन लावते, चालू करते. ऐकलंत? काही जळलेलं नाही. तुमचा मिक्सर ठणठणीत आहे, मी खोटं बोलले तुमच्याशी, झालं. संपलं. नाही मिळाली खुर्ची. आज घरी जाऊन दादाला सांगते, जम नाही बसलेला, आणि उद्यापासून बटण दाबायचेसुद्धा पैसे घेते — जीभ रेटत नसली तरी घेते. तुमचे नको, तुमच्याशी खोटं बोललेय.

असं काय बघताय? चालू आहे म्हणून सांगतेय तर तुमचा चेहरा पडला. काय? काकूंना नवीनच हवा होता? स्वयंपाकघराला रंग दिलाय, त्याला मॅचिंग? आणि तुम्ही त्यांना 'हा बंद पडला की नवीन' असा शब्द दिला होता — म्हणजे तुम्ही इकडे हा बंद आहे असं ऐकायलाच आला होतात? माझ्याकडून? अहो काका, मग आधी नाही का बोलायचं. मी इथे घसा कोरडा करतेय, घरातलं सगळं सांगत बसलेय... काय म्हणालात? माझ्यासारखी खरं बोलणारी माणसं हल्ली भेटत नाहीत. बरं. आभारी आहे. आता या तुम्ही. नाही, सल्ला मागू नका, नवीन कुठला घ्यावा ते मी सांगणार नाही. जा हो, दुकान बंद करायचंय मला. अहो — काका, मिक्सर. काका, हा चालू मिक्सर राहिला तुमचा.

काय हो वॉचमनदादा? शोरूमचं दार सोडून रस्ता ओलांडून इकडे कुठे?

'ताई, तुम्ही पाठवलेले काका तुमच्या नावावर सूट मागतायत. सर विचारतायत, तुमचं माणूस म्हणून किती द्यायची.'