लेआंद्रोसने खाल्लेला नवसाचा केक

नवस बोलले होते हो मी! माझ्या लेकीला, स्तामातियाला, नोकरी लागेपर्यंत कॉफीत साखर घालायची नाही, आणि संत फानूरियोसच्या नावाने केक करून वाटायचा... बिनअंड्याचा, बिनलोण्याचा. हरवलेलं दाखवतो तो संत, मग ती किल्ली असो, नोकरी असो की जावई! आणि तुम्हाला सांगते, तो केक गेला कुणाच्या पोटात? लेआंद्रोसच्या!

कोण म्हणजे? अहो, इथे कलामाताच्या बंदरावर तेलाची कंपनी आहे ना, तिचा मालक. लेक मुलाखतीला निघाली, मी डबा पुढे केला. "आई, मुलाखत आहे, लग्न नाही कुणाचं!" म्हणाली. पण नेला बिचारीने. आणि त्या गृहस्थाने सगळे तुकडे संपवले, बोटं चाटली, म्हणाला, "कळवतो."

कळवलं की! तिला नाही, जगाला! नोकरीधंदेवाल्यांची ती साइट असते ना, तिथे संध्याकाळी हाताची घडी घातलेला फोटो, आणि खाली... "आज एक मुलगी आली. हातात आईने केलेला केक. मी तिचे कागद बाजूला सारले. म्हटलं, उद्यापासून ये. मी माणसं नाही, मनं निवडतो. तुमचं काय मत?" एका ओळीत एकच वाक्य, मग रिकामी जागा... जणू तेवढ्यात आपण रडून घ्यायचं!

हजारोंनी अंगठे! शेजारची पोलिक्सेनी गॅलरीतून ओरडतेय, "एवान्थिया, लपवतेस काय गं? तोंड गोड कर की!" आणि मी भोळी... देवळात लेकीच्या उंचीची मेणबत्ती लावून आले, कॉफीत चांगली दोन चमचे साखर घातली!

सकाळी पोरगी इस्त्रीचा शर्ट घालून हजर, तर दारातच, "कोण आपण?" मग साहेब बाहेर आले. "बाळ, ती पोस्ट होती. त्यातलं तत्त्व घ्यायचं. जागा सध्या भरायची नाहीये." ही म्हणाली, "मग लिहिलंत कशाला?" तर म्हणे, "लोकांना प्रेरणा मिळते!"

प्रेरणा! आमचा केक खाऊन! आणि दुपारी लगेच, "आज एका उमेदवाराला नकार दिला. काम शिकवता येतं, संयम नाही. तुमचं काय मत?" त्याखाली 'माणसं कशी ओळखावीत' या त्याच्याच वर्गाची जाहिरात!

माझं मत? एका बोटाने टाइप केलं मी, "आमचा डबा परत करा." तर खाली लाल बदाम, आणि "धन्यवाद बाई, असंच प्रेम राहू द्या!"

मी संताला म्हटलं होतं नोकरी दाखव, त्याने मालक दाखवला... त्याचंही चुकलं नाही म्हणा. कॉफी पुन्हा कडू. गुरुवारी लेकीची दुसरीकडे मुलाखत आहे, तेव्हा ओव्हन पुन्हा तापलंय. हा केक कापताना संताच्या पापी आईला देवाने क्षमा करावी म्हणून दोन शब्द बोलायचे असतात. या खेपेला मी लेआंद्रोसच्या आईसाठीही बोलणार आहे. बिचारी! रोज पहिला अंगठा तिचाच असतो. तुम्हीही करा हो एक केक त्या माउलीसाठी, देव ऐकतो. फक्त मुलाखतीला नेऊ नका... मेला खाईल, आणि वर तुमचं मत विचारील!